कुराणातल्या एका आयतीवरून नियम कसा ठरतो? कोळंबीपासून तिहेरी तलाकपर्यंत, समजून घ्या सोप्या शब्दांत

फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवर दर थोड्या दिवसांनी असा एखादा स्क्रीनशॉट फिरतो. कुराणातल्या एखाद्या आयतीचं दोन ओळींचं भाषांतर आणि खाली तिचा क्रमांक. 'बघा, यांच्या धर्मात हे लिहिलंय' असं म्हणून एक जण तो शेअर करतो. दुसरा लगेच उलट अर्थाची आयत शोधून टाकतो. मग कमेंट्समध्ये दोन्हीकडून भांडण जुंपतं.

प्रत्यक्षात मुस्लिम धर्मपंडित एका आयतीवरून थेट नियम काढत नाहीत. आयत आणि नियम यांच्यामध्ये एक अख्खं शास्त्र उभं आहे आणि ते हजार-बाराशे वर्षांत घडत गेलंय. एकच कुराण मानणाऱ्या दोन घरांत नियम वेगळे का असतात, याचं उत्तर या शास्त्रात सापडतं. कोकणी मुस्लिमांच्या घरात कोळंबीचं कालवण बिनधास्त शिजतं, तर काही मुस्लिम घरांत कोळंबी खावी की नाही यावर वाद असतो. आणि याच शास्त्रातल्या मतभेदामुळे, नवऱ्याने एका दमात तीनदा 'तलाक' म्हटल्यावर एखाद्या बाईचं लग्न मोडलं की टिकलं, याची वेगवेगळी उत्तरं मिळत आली आहेत.

हे शास्त्र नेमकं चालतं कसं?

कुराण हे कायद्याचं पुस्तक आहे का?

पूर्णपणे नाही. कुराणात ११४ सुरा म्हणजे अध्याय आहेत आणि सहा हजारांहून जास्त आयती. मुस्लिमांच्या श्रद्धेनुसार त्या प्रेषित मोहम्मद यांच्यावर सुमारे २३ वर्षांच्या काळात उतरल्या, आधी मक्केत आणि इ.स. ६२२ नंतर मदिनेत.

यातला मोठा भाग ईश्वराचं एकत्व, आधीच्या प्रेषितांच्या कथा, मरणानंतरचा न्याय आणि नैतिक उपदेश यांचा आहे. थेट नियम सांगणाऱ्या आयती तुलनेने कमी. परंपरेत त्यासाठी ५०० हा आकडा सांगितला जातो, पण काही विद्वानांनी तो याहून बराच कमी धरलाय. त्यातल्याही बऱ्याच नमाज, रोजा, जकात अशा उपासनेबद्दल आहेत. लग्न, तलाक, वारसा, व्यापार, गुन्हा आणि शिक्षा यांवरच्या आयती त्याहून कमी. त्या प्रामुख्याने मदिनेच्या काळातल्या आहेत, कारण तिथे मुस्लिमांचा स्वतःचा समाज उभा राहत होता आणि रोजचे तंटे सोडवावे लागत होते.

म्हणजे माणसाच्या आयुष्यात उभे राहणारे प्रश्न असंख्य आणि थेट नियमांच्या आयती मोजक्या. ही दरी भरण्याच्या कामाला 'फिक्ह' म्हणतात. फिक्हचा शब्दशः अर्थ समज किंवा आकलन. 'शरिया' म्हणजे ईश्वराने दाखवलेला मार्ग आणि फिक्ह म्हणजे तो मार्ग समजून घेण्याची माणसाची धडपड, असा फरक विद्वान करतात. माणसाची समज चुकू शकते, हे त्यात मान्य केलेलं आहे.

आयत वाचताना विद्वान काय पाहतात?

पहिली गोष्ट, संदर्भ. कोणती आयत कोणत्या प्रसंगी उतरली, याच्या नोंदींचं वेगळं शास्त्र आहे. युद्ध सुरू असताना आलेली आज्ञा कायमची की त्या प्रसंगापुरती, हा वाद इथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट, भाषा. कुराण अरबीत आहे आणि एका शब्दाच्या अर्थावर नियम फिरतो. एक ठळक उदाहरण घेऊ. तलाकनंतर बाईने दुसरं लग्न करण्याआधी तीन 'कुरू' थांबावं, असं दुसऱ्या सुरेत सांगितलंय. या प्रतीक्षाकाळाला 'इद्दत' म्हणतात. पण अरबीत या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक मासिक पाळी आणि दुसरा दोन पाळ्यांमधला शुद्धीचा काळ. हनफी विद्वानांनी पहिला अर्थ घेतला, शाफईंनी दुसरा. त्यामुळे इद्दत संपण्याच्या तारखेत काही दिवसांचा फरक पडतो. फरक छोटा वाटेल, पण तेवढ्या दिवसांत नवरा तलाक मागे घेऊ शकतो का, हे त्यावरच ठरतं.

तिसरी गोष्ट, एकाच विषयावरच्या सगळ्या आयती एकत्र वाचणं. दारूबद्दल कुराणात एकापेक्षा जास्त ठिकाणी उल्लेख आहेत. एका ठिकाणी त्यात फायद्यापेक्षा पाप मोठं असल्याचं सांगितलंय, दुसरीकडे नशेत नमाजजवळ जाऊ नका असं बजावलंय आणि तिसरीकडे ती पूर्ण टाळायला सांगितलंय. फक्त मधली आयत वाचली, तर नमाजची वेळ सोडून दारू चालते, असा अर्थ निघेल. विद्वान या आयती टप्प्याटप्प्याने आलेल्या मानतात आणि शेवटची आज्ञा अंतिम धरतात.

नंतरच्या आयतीने आधीचा नियम बदलणं याला 'नस्ख' म्हणतात. असे किती नियम बदलले, यावरही एकमत नाही. इजिप्तमधले सुयुती (मृत्यू १५०५) यांनी ही संख्या वीसच्या आसपास आणली. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३-१७६२) यांनी ती पाचवर आणली. बाकीच्या आयतींमधला विरोध नीट अर्थ लावला की मिटतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

या सगळ्या भाष्याला 'तफसीर' म्हणतात. तबरी (मृत्यू ९२३), कुर्तुबी (मृत्यू १२७३) आणि इब्न कसीर (मृत्यू १३७३) यांची भाष्यं आजही वापरात आहेत. विसाव्या शतकात उर्दूत गाजलेलं भाष्य लिहिणारे अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ मध्ये औरंगाबादचा.

थेट उत्तर नसेल तर?

परंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. प्रेषितांनी मुआझ नावाच्या सहकाऱ्याला येमेनला पाठवताना विचारलं की, तिथे निवाडा कसा करशील? आधी कुराण पाहीन, त्यात नसेल तर प्रेषितांची रीत, तिथेही नसेल तर स्वतःच्या बुद्धीने प्रयत्न करीन, असं मुआझ यांनी सांगितलं आणि प्रेषितांना ते पटलं.

इमाम शाफई (मृत्यू ८२०) यांनी 'रिसाला' या ग्रंथात या विचाराची शिस्तशीर मांडणी केली. सुन्नी परंपरेत त्यातून चार आधार पक्के झाले.

- कुराण: पहिला आणि सर्वोच्च आधार.
- सुन्नत: प्रेषितांचं बोलणं-वागणं. त्याच्या नोंदी म्हणजे हदीस. कोणती हदीस विश्वासार्ह आणि कोणती कच्ची, हे सांगणाऱ्यांची साखळी तपासून ठरवतात.
- इज्मा: विद्वानांचं एकमत.
- कियास: तुलनेने काढलेला निष्कर्ष. दारू का निषिद्ध? तर ती नशा आणते म्हणून. मग कुराणात नाव नसलेले अमली पदार्थही निषिद्ध.

आधाराशिवाय उरलेल्या प्रश्नावर अभ्यासाने उत्तर शोधण्याच्या या प्रयत्नाला 'इज्तिहाद' म्हणतात.

मग कोळंबीवरून वाद का?

या पद्धतीतून वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळे मजहब म्हणजे विचारपीठं उभी राहिली. सुन्नींमध्ये चार टिकली. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांचं हनफी, इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांचं मालिकी, इमाम शाफई यांचं शाफई आणि इमाम अहमद इब्न हंबल (मृत्यू ८५५) यांचं हंबली. बहुसंख्य शिया इमाम जाफर सादिक (मृत्यू ७६५) यांच्या नावाचं जाफरी फिक्ह मानतात.

भारतात बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. पण कोकण आणि केरळच्या किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांच्या संबंधांमुळे शाफई परंपरा रुजली. समुद्रातली शिकार हलाल आहे, असं कुराण सांगतं. शाफईंनी याचा अर्थ व्यापक घेतला, त्यामुळे कोळंबीला अडचण नाही. हनफींनी तो माशांपुरता मर्यादित ठेवला. मग कोळंबी मासा आहे की नाही, हा पुढचा प्रश्न आला आणि त्यावर हनफी विद्वानांमध्येच दोन मतं पडली.

आयत एकच आहे आणि दोन्ही बाजू एकमेकांना मुस्लिमच मानतात. चारही मजहब बरोबरीने ग्राह्य आहेत, हे सुन्नी परंपरेत फार पूर्वीच स्वीकारलं गेलंय.

नियम आणि नीती यांत फरक आहे का?

हलाल आणि हराम हे दोन शब्द सगळ्यांना माहीत असतात. फिक्हमध्ये मात्र माणसाच्या कृतींचे ढोबळमानाने पाच वर्ग आहेत. फर्ज म्हणजे केलंच पाहिजे. मुस्तहब म्हणजे केलं तर पुण्य, नाही केलं तर दोष नाही. मुबाह म्हणजे मोकळीक. मकरूह म्हणजे निषिद्ध नाही, पण टाळलेलं बरं. आणि हराम म्हणजे निषिद्ध.

यातल्या अनेक गोष्टींसाठी कोणतंही न्यायालय शिक्षा करत नाही. चुगली करणं हराम आहे, पण त्याचा हिशेब माणूस आणि ईश्वर यांच्यातला. उलट एखादी गोष्ट कायद्याने वैध असूनही नैतिकदृष्ट्या वाईट असू शकते. तलाक हे त्याचं मोठं उदाहरण. तो वैध आहे, पण ईश्वराला नावडता आहे, असं हदीसमध्ये येतं.

शिक्षेचा नियम स्पष्ट असला तरी तो लावण्यापूर्वी परिस्थिती पाहिली जाते. चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा कुराणात आहे. पण दुसरे खलिफा उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी ती थांबवली होती, अशी नोंद परंपरेत आहे. भुकेपोटी केलेल्या चोरीला ही शिक्षा लागू होत नाही, असा अर्थ विद्वानांनी त्यातून घेतला.

तिहेरी तलाक: आयती त्याच, उत्तरं तीन

ही सगळी पद्धत प्रत्यक्षात काय करू शकते, हे तलाकच्या प्रश्नात दिसतं.

कुराणात तलाकची पायरी-पायरीची रीत आहे. पती-पत्नीचं बिनसलं तर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलंय. तलाक दिला तर इद्दतचे दिवस मोजायचे. त्या काळात नवरा तो मागे घेऊ शकतो. असं दोनदा होऊ शकतं. त्यानंतर एकतर नीट नांदवायचं किंवा चांगुलपणाने सोडायचं. तिसरा तलाक मात्र अंतिम. त्यानंतर त्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न करायचं, तर त्या बाईचं दुसऱ्याशी लग्न होऊन तेही संपलेलं असावं लागतं.

मग एखाद्याने एकाच बैठकीत तीनदा तलाक म्हटलं तर?

'सहीह मुस्लिम' या हदीस संग्रहात इब्न अब्बास यांच्या नावाने एक नोंद आहे. प्रेषितांच्या काळात, पहिले खलिफा अबू बकर यांच्या काळात आणि उमर यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला असे तीन तलाक एकच मोजले जात. लोक घाई करू लागल्यावर उमर यांनी ते तीन म्हणून लागू केले. या एका नोंदीचा अर्थ लावताना वाटा फुटल्या.

पहिलं उत्तर: तलाक झाला. चारही सुन्नी मजहबांचं प्रस्थापित मत हेच. हनफींच्या मते असं करणारा पापी ठरतो, पण तलाक मात्र लागू होतो.

दुसरं उत्तर: एकच तलाक झाला, तो इद्दतमध्ये मागे घेता येतो. दमास्कसचे इब्न तैमिया (मृत्यू १३२८) आणि त्यांचे शिष्य इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी हे मत मांडलं. भारतात अहले हदीस पंथ हेच मानतो.

तिसरं उत्तर: त्या तीन उच्चारांनी तीन तलाक होतच नाहीत. जाफरी फिक्हमध्ये तलाकसाठी दोन साक्षीदार आणि ठरलेली पद्धत आवश्यक आहे. रागाच्या भरात बायकोला एकटीला गाठून दिलेला तलाक तिथे टिकत नाही.

म्हणजे तेच शब्द ऐकलेल्या तीन बायकांपैकी एक बेघर होऊ शकत होती, दुसरीला नवऱ्याचं मन वळवायला तीन महिने मिळत होते आणि तिसरीचं लग्न जागच्या जागी होतं. तिघींचं कुराण मात्र एकच.

भारतातल्या न्यायालयांनी काय केलं?

२००२ मध्ये शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तलाकसाठी रास्त कारण हवं आणि आधी समेटाचा प्रयत्न झालेला असला पाहिजे. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातही दगडू पठाण खटल्यात पूर्णपीठाने अशीच भूमिका घेतली होती. नवऱ्याने नुसतं 'मी तलाक दिलाय' म्हणणं पुरेसं नाही, त्याने ते सिद्ध करायला हवं.

मग उत्तराखंडच्या शायरा बानो यांचं प्रकरण आलं. त्यांना २०१५ मध्ये नवऱ्याकडून लेखी तिहेरी तलाक मिळाला आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २२ ऑगस्ट २०१७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ३ विरुद्ध २ मतांनी ही पद्धत रद्द ठरवली.

या निकालात बहुमतातले तीन न्यायमूर्तीही एकाच रस्त्याने पोहोचले नव्हते. न्या. कुरियन जोसेफ यांनी ही पद्धत कुराणाच्याच विरोधात असल्याचं म्हटलं. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी ती मनमानी असल्यामुळे समानतेच्या हक्काचा भंग करते, असा आधार घेतला. अल्पमतातल्या न्या. खेहर आणि न्या. नझीर यांच्या मते हा व्यक्तिगत कायद्याचा भाग होता आणि बदल संसदेने करायला हवा होता. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची बाजू पारंपरिक हनफी मताची होती. ही रीत पाप आहे, पण तलाक वैध आहे.

२०१९ च्या कायद्याने असा तलाक बेकायदा तर ठरवलाच, शिवाय नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्यामुळे आज भारतात एका दमातल्या तीन तलाकने लग्न मोडत नाही, नवरा कोणत्याही मजहबाचा असला तरी.

धर्मपंडित स्वतः नियम बदलतात का?

बदलतात आणि त्याचं एक उदाहरण भारतातलंच आहे. हनफी मतानुसार नवरा बेपत्ता झाला तर बायकोला फार काळ थांबावं लागे. नवऱ्याचं वय नव्वद होईपर्यंत थांबावं, असंही एक मत होतं. छळ करणाऱ्या किंवा न पोसणाऱ्या नवऱ्यापासून सुटणंही अवघड होतं. त्यामुळे ब्रिटिश काळात काही मुस्लिम बायकांनी लग्नातून सुटण्यासाठी धर्मच सोडला.

देवबंदी परंपरेतले मोठे विद्वान मौलाना अशरफ अली थानवी यांनी यावर तोडगा काढला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः हनफी असूनही मालिकी मजहबाची सोपी वाट स्वीकारता येईल, असं ग्रंथ लिहून मांडलं. त्यातून पुढे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल किंवा दोन वर्षं पोसत नसेल तर बाई न्यायालयातून घटस्फोट घेऊ शकते, ही तरतूद तेव्हापासूनची.

नियमामागचा हेतू पाहणारी धाराही जुनी आहे. गझाली (मृत्यू ११११) यांनी शरियाचे पाच हेतू सांगितले. धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता यांचं रक्षण. अंदलूसिया म्हणजे मुस्लिम स्पेनमधल्या शातिबी (मृत्यू १३८८) यांनी हा विचार पुढे नेला. इजिप्तने १९२९ मध्येच एका वेळचे तीन तलाक एकच धरायचा कायदा केला. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली. त्यामागचा युक्तिवाद असा की, एका आयतीत सगळ्या बायकांना समान न्याय देण्याची अट आहे आणि दुसऱ्या आयतीत तसा न्याय जमणार नाही असं सांगितलंय. पारंपरिक विद्वानांना हे पटत नाही. पहिल्या आयतीतला न्याय म्हणजे खर्च आणि वेळ, दुसरीतला म्हणजे मनातलं प्रेम, असं ते म्हणतात.

आज वाद कशावर आहे?

मुख्य वाद आहे अर्थ लावण्याच्या अधिकाराचा. पाकिस्तानी विचारवंत फजलुर रहमान (१९१९-१९८८) यांचं म्हणणं होतं की आधी आयतीचा तेव्हाचा संदर्भ आणि हेतू समजून घ्यावा आणि मग तो हेतू आजच्या परिस्थितीला लावावा. अमेरिकेतल्या अमीना वदूद यांनी १९९२ मध्ये कुराण आणि स्त्रिया या विषयावर पुस्तक लिहून शतकानुशतकं भाष्य करणारे जवळपास सगळे पुरुष होते, याकडे लक्ष वेधलं. मुंबईचे असगर अली इंजिनीअर (१९३९-२०१३) यांनीही कुराणाच्या आधारेच स्त्रियांच्या हक्कांची मांडणी केली.

पारंपरिक उलेमांचा आक्षेप असा की अरबी, हदीस आणि फिक्हचं वर्षानुवर्षांचं शिक्षण नसताना प्रत्येकाने अर्थ लावायचा ठरवला, तर जो तो सोयीचा अर्थ काढेल. वारसा हक्कातल्या वाट्यांसारख्या अगदी स्पष्ट आकड्यांना हात लावता येत नाही, असंही ते सांगतात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. संदर्भ सोडून आयती वापरण्याचं काम हिंसक संघटनाही करतात आणि त्यांना उत्तर देताना उलेमा याच शास्त्राचा आधार घेतात.

महाराष्ट्रात तिसरी भूमिकाही मांडली गेली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, अशी मागणी होती. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. आयतीचा नवा अर्थ लावत बसण्यापेक्षा नागरिक म्हणून समान कायदा मिळावा, हा त्यांचा आग्रह होता.

फतवा म्हणजे कायदा का?

नाही. फतवा म्हणजे एखाद्याने विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने दिलेलं मत. ते पटलं नाही तर दुसऱ्या मुफ्तीकडे जाता येतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की फतव्याला भारतात कायदेशीर बळ नाही आणि तो कुणावर लादता येत नाही.

पुढच्या वेळी स्क्रीनशॉट आला तर?

शेअर करण्याआधी चार गोष्टी तपासता येतील. त्या आयतीच्या आधी आणि नंतर काय आहे? त्याच विषयावर आणखी आयती आहेत का? सांगितलेला अर्थ कोणत्या मजहबाचा किंवा कोणत्या विद्वानाचा आहे, त्याला विरोधी मत आहे का? आणि तो नियम भारतात कायदा म्हणून लागू होतो का?

लग्न, पोटगी किंवा घटस्फोटाचा प्रश्न घरातच उभा असेल, तर मात्र स्क्रीनशॉटवर विसंबू नये. वकिलाचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा. तिथे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते.